थंड चुलीचे पाच मार्क

इंग्रजी कवितेच्या पेपरने मला दोनदा नापास केलं. दोन्ही वेळा मी अभ्यास केला होता हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात अजून त्यावर कोणाचा विश्वास नाही. एम.ए.चे बाकीचे पेपर सुटले. नाटक सुटलं, कादंबरी सुटली, भाषाशास्त्र नावाचा तो भाजक्या चण्यासारखा कोरडा विषयही सुटला. राहिली ती कविता. चार शब्दांत सांगण्यासारखी गोष्ट इंग्रज कवी गावभर फिरवून आणतो, आणि परीक्षेत आम्हाला विचारतात, कवीला काय म्हणायचं होतं? अहो, कवीला विचारा ना. मी काय त्याच्या शेजारी राहत होते?

पहिल्यांदा मी नापास झाले ती पांढऱ्या शेतामुळे. माझं माहेर बोदवड तालुक्यातलं, पिढ्यान्‌पिढ्या कापूस लावणाऱ्यांचं. त्या कवितेत कवी सकाळी उठतो, खिडकीतून बघतो, तर रात्रीतून सगळं शेत पांढरंशुभ्र झालेलं. आणि हे बघून तो दुःखी होतो. आता पांढरं शेत म्हणजे बोंडं फुटली. लक्ष्मी दारात उभी. मग हा बाबा रडतो का? माझ्या वडिलांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं: वेचणीला बायका मिळत नाहीत. मी तेच लिहिलं, दीड पान लिहिलं. मजुरांची टंचाई, कारखान्यांकडे गेलेली खेडी, कवीची हतबलता, सगळं नीट जोडून दाखवलं. मला वाटलं, तपासणारा खूश होऊन पाठ थोपटेल.

तो बर्फ होता. आणि बर्फ म्हणजे मरण होतं. बर्फ मी जन्मात एकदाच पाहिलेला, फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, आणि तो चमच्याने खरवडून काढताना मला मरण कधी आठवलं नाही, कंपनीवाले आठवले.

दुसऱ्या वेळी मी शहाणी झाले होते. कापसाचं नाव काढायचं नाही असं ठरवूनच बसले. तर कवितेत एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणते, तू माझ्या आयुष्यातलं ऊन आहेस. मी पेन तोंडात धरून विचार केला. मे महिन्यात दुपारी बारा वाजता ज्याने धुळ्याच्या स्टँडवर एस.टी.ची वाट पाहिली आहे, त्याला कोणी ऊन म्हटलं तर तो काय समजेल? मी लिहिलं, ही बाई नवऱ्याला कंटाळली आहे. त्याच्याजवळ दहा मिनिटं उभं राहवत नाही. तो घरी आला की ती आत जाते, दार लावते, पडदे ओढते. तिने तसं स्पष्ट म्हटलेलं नाही, कारण त्या काळात बायकांना बोलायची सोय नव्हती. हे शेवटचं वाक्य तर मला फारच आवडलं होतं.

पुन्हा नापास. निकालाच्या दिवशी सासरे ओट्यावर बसले होते. त्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. धुळ्याच्या देवपुरात आमची पिठाची गिरणी आहे, घराच्या पुढच्या खोलीत, आणि नानांचा जीव त्या गिरणीत. नानांनी माझं तोंड पाहिलं आणि निकाल विचारलाच नाही.

“आखो एक डाव,” ते म्हणाले. “मंग गिरनी.”

आणखी एक वेळ, मग गिरणी. नाना बोलले की बोलले. मी लग्नानंतर शिकले, बी.एड. केलं, खासगी शाळेत बदलीवर शिकवलं, तोवर त्यांनी कधी अडवलं नाही. पण गिरणीवर बसायला माणूस लागत होता, आणि दोनदा नापास होणाऱ्या सुनेपेक्षा दळण नीट दळणारी सून त्यांना परवडली असती. इकडे शाळेच्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजीच्या मॅडम जूनमध्ये निवृत्त व्हायच्या होत्या. संस्थेचे अध्यक्ष मला म्हणाले होते, तुमचं एम.ए. होऊ द्या, जागा तुमचीच. म्हणजे त्या एका पेपरच्या एका बाजूला वर्ग होता आणि दुसऱ्या बाजूला जन्मभर लोकांची ज्वारी. मला ज्वारीचा राग नाही. पण मला शिकवायचं होतं, फार शिकवायचं होतं, आणि ते मी कोणाला सांगायला गेले की लोक हसायचे, म्हणून सांगणंच सोडलं होतं.

तेव्हा मला कोणीतरी सरांचा पत्ता दिला.

सर कॉलेजातून निवृत्त झालेले, आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून राहायचे. त्यांच्या वहीला विद्यार्थी ‘किल्ली’ म्हणत. धुळ्यापासून जळगावपर्यंत कुठल्याही कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जा आणि किल्ली मागा, दुकानदार न बघता हात मागे करून काढून देतो. सरांचा सिद्धांत साधा होता. इंग्रजी कवितेत जे जे दिसतं त्याचा एकच अर्थ असतो आणि तो ठरलेला असतो. गुलाब म्हणजे प्रेम. काटा म्हणजे प्रेमातलं दुःख. पहाट म्हणजे आशा. बाकी उरलं ते मरण.

मी चेष्टा करत नाही. संध्याकाळ म्हणजे मरण, पश्चिम दिशा म्हणजे मरण, होडी म्हणजे मरण, नदीचा पैलतीर तर हमखास मरण. झोप म्हणजे मरण. कावळा म्हणजे मरण. आमच्याकडे कावळा भिंतीवर ओरडला की पाहुणा येतो आणि बायका एक भाकरी जास्तीची टाकतात, असं मी म्हटलं, तर सर म्हणाले, “पाहुणा कोण आहे ते सांग. यम.” पानगळ म्हणजेही मरण. आमच्या दारचा निंब फाल्गुनात पानं झाडतो आणि पंधरा दिवसांत पोपटी होऊन उभा राहतो, त्याला हे कोणी कळवलेलं नाही.

मी घरी रोज मोठ्याने पाठ करायचे. एक दिवस नाना गिरणीतून पिठाने पांढरे झालेले आत आले, दारात उभे राहून ऐकत राहिले आणि म्हणाले, “बठ्ठं मरनच शे का व या पुस्तकमा?”

“हो नाना, सगळं मरणच.”

“मंग पास व्हयीसन काय करशी?” ते म्हणाले आणि पाणी पिऊन गेले.

पण किल्ली चालायची. का चालायची तेही मला पुढे कळलं. जे पेपर तपासत होते ते सगळे सरांचेच विद्यार्थी. किल्लीवर पास झाले, किल्लीवर प्राध्यापक झाले, आता किल्ली शेजारी ठेवून तपासत होते. कवीने काय लिहिलं हा प्रश्नच उरला नव्हता. कवी बिचारा आला असता आणि म्हणाला असता, अहो, माझी ती होडी खरीच होती, मी मासे पकडायला गेलो होतो, तर त्यालाही शून्य मिळालं असतं.

सर डोळे मिटून सांगायचे, मी लिहून घ्यायचे, आणि आतल्या खोलीतून काकूंचा आवाज यायचा. काकू म्हणजे सरांच्या बायको. चौथी शिकलेल्या, तोंडाच्या फटकळ, हाताच्या सढळ. मला कधी रिकाम्या पोटी घरी पाठवलं नाही. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा समोर आला की माझी वही आपोआप मिटायची. इंग्रजी काकूंना कळायचं नाही, पण सर अर्थ मराठीतून समजावून सांगत, तो त्या ऐकत आणि मधेच बोलत.

“होडी म्हणजे मरण,” सर सांगत.

“मग नावाड्याने पोट कसं भरायचं?” आतून.

“तू चहा टाक,” सर म्हणत. तेहतीस वर्षांच्या संसारात सरांनी काकूंशी वाङ्मयावर केलेली ही एवढीच चर्चा असावी. काकू चहा आणायच्या, माझ्याकडे बघून डोळा मिचकावायच्या. सर कप घ्यायचे, बशीत ओतायचे, प्यायचे आणि पुढची ओळ सांगायचे. चहा बरा झाला असं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. काकूंनी ते ऐकायची वाट पाहणंही केव्हाच सोडलं असावं.

डिसेंबरात आम्ही एका कवितेपाशी आलो. एक माणूस पुष्कळ दिवसांनी घरी येतो. दार उघडंच असतं. तो आत जातो, बघतो, तर चूल थंड पडलेली. बस, एवढंच. पुढे कवी एकदम चंद्राकडे वळतो, चंद्र म्हणजे अर्थात मरण. पण चुलीवर दरवर्षी प्रश्न येतो, पाच मार्कांचा.

“थंड चूल म्हणजे काय?” सरांनी डोळे मिटले. “ऊब नाही. ऊब म्हणजे माया. म्हणजे नवरा-बायकोत माया उरलेली नाही. लिही. कोरडा, प्रेमशून्य संसार. पत्नीच्या मनाचा थंडपणा.”

मी लिहिता लिहिता थांबले. “सर, आमच्याकडे घरात चूल पेटली नाही म्हणजे त्या घरात कोणी गेलेलं असतं. बाकी सगळीकडे मरण आहे, मग इथे का नाही?”

सरांनी डोळे उघडले. “कारण हे इंग्लंड आहे. तिथे चूल उबेसाठी असते. तुझं बोदवड मधे आणू नकोस, दोनदा आणलंस.”

आणि आतून काकू हसल्या. मोठ्याने हसल्या. “माया नाही म्हणून कोण बाई चूल विझवते हो? कितीही भांडा, स्वयंपाक तर करावाच लागतो. माया असो का नसो, दोन वेळा पेटते ती.”

“चहा,” सर म्हणाले.

मी ‘पत्नीच्या मनाचा थंडपणा’ लिहिलं आणि खाली रेघ मारली. पाच मार्क म्हणजे पाच मार्क.

जानेवारीत काकू गेल्या. संक्रांतीच्या चार दिवस आधी, सकाळी अंगण झाडताना बसल्या त्या उठल्याच नाहीत. गल्लीच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मी शाळेत होते. मुलांना काहीतरी लिहायला दिलं आणि मुतारीच्या भिंतीमागे जाऊन रडले, कारण शाळेत रडायला दुसरी जागा नाही.

दुसऱ्या दिवशी मी दारावर गेले. मयताच्या घरी भेटायला जाण्याला आमच्याकडे दारावर जाणं म्हणतात. पुढच्या खोलीत पुरुष बसलेले, आत बायका. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे घरात काही शिजवायचं नव्हतं. शेजारणींचे डबे ओळीने ठेवलेले, पिठलं, भाकरी, भात. गॅसची शेगडी पुसून कोरडी केलेली आणि कोणीतरी तिच्यावर फडकं टाकून ठेवलेलं. ज्या घरात मी कधी बिनचहाची बसले नव्हते, तिथे शेजारच्या घरून कागदी कपात चहा आला. सर भिंतीला टेकून बसले होते. कोणीतरी त्यांच्या हातात कप दिला. त्यांनी तो धरून ठेवला, बराच वेळ. मी बाहेर पडताना बघितलं, तेव्हाही तो भरलेलाच होता.

गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं, पाहुणे गेले. सरांचा मुलगा पुण्याला परत गेला. फेब्रुवारीत सरांनी स्वतः फोन केला, “ये. तुझा शेवटचा चान्स आहे, मला माहीत आहे.” मी गेले. माणूस दुःखात आहे, त्याला कवितेतली मरणं काय विचारायची, असं मला वाटत होतं, पण सर पहिल्यासारखेच डोळे मिटून सांगायला लागले. संध्याकाळ, मरण. होडी, मरण. खडाखडा. मला तर आश्चर्यच वाटलं. इतकी मरणं त्यांनी त्या दुपारी सांगितली, पण आवाज एकदाही हलला नाही. ती सगळी इंग्रजी मरणं होती, त्यांचा सरांना काही त्रास नव्हता.

उजळणी करता करता मार्चमध्ये आम्ही पुन्हा त्या चुलीवर आलो.

“थंड चूल,” मी वाचलं.

“थंड चूल म्हणजे,” सर म्हणाले आणि थांबले.

मी पेन धरून बसले. आतल्या खोलीत काही आवाज नव्हता. सरांनी डोळे उघडले, माझ्या वहीकडे बघितलं, माझं रेघ मारलेलं वाक्य त्यांना तिथून दिसत असावं.

“ते खोड,” ते म्हणाले.

मी आडवी रेघ मारली. “काय लिहू सर?”

ज्या माणसाकडे गुलाबापासून घुबडापर्यंत सगळ्याचा अर्थ होता, तो गप्प बसून राहिला. मी पुन्हा विचारलं, “सर, काय लिहू?”

“पुढची कविता घे.”

खरं सांगते, मला वाईट वाटायच्या आधी राग आला. महिन्यावर परीक्षा, पाच मार्कांचा प्रश्न, आणि हे म्हणतात खोड! अहो, खोडायचं तर दुसरं काहीतरी द्या ना. तुमचं दुःख मला मान्य, पण गिरणी माझ्या मागे उभी आहे. असलं सगळं मनात आलं. मग रस्त्याने घरी येताना माझीच मला लाज वाटली, आणि घरी पोचेपर्यंत पुन्हा राग आला.

एप्रिलमध्ये पेपर होता. सेंटर अमळनेरला आलं होतं. पहाटेच्या एस.टी.ने गेले, वही मांडीवर, सगळी मरणं पुन्हा एकदा म्हटली. पंखा नसलेल्या वर्गात बाकावर बसले, प्रश्नपत्रिका हातात आली. दुसरा प्रश्न, ओळीचा अर्थ संदर्भासह स्पष्ट करा. आणि समोर तीच चूल.

मला अर्थ माहीत होता. अख्ख्या केंद्रात माझ्याइतका कोणालाच माहीत नसेल. मी ते घर बघून आले होते, ते फडकं, ते डबे, तो हातातला भरलेला कप. मला लिहिता आलं असतं की साहेब, त्या घरातली बाई गेली आहे. तिचा नवरा दारात उभा आहे आणि तिने आयुष्यभर दोन वेळा पेटवलेली चूल त्याला आज पहिल्यांदा दिसते आहे. इंग्रजीत मला हे नीट जमलंही असतं. पण तपासणाऱ्याच्या शेजारी किल्ली असणार होती, आणि किल्लीत काय आहे तेही मला माहीत होतं. मी खोडलं होतं ते एकाच रेघेने. खालचं सगळं वाचता येत होतं.

मी लिहिलं, कोरडा, प्रेमशून्य संसार. पत्नीच्या मनाचा थंडपणा. छान अक्षरात लिहिलं, आणि खाली रेघही मारली.

मी पास झाले. तीन मार्कांनी पास झाले. ज्याला हिशेब येतो त्याने करावा. नानांनी गिरणी अर्धा दिवस बंद ठेवून गल्लीत पेढे वाटले, आणि ज्याला त्याला सांगितलं की सुनेने इंग्रजीतली बठ्ठी मरणं पाठ केली. संस्थेच्या अध्यक्षांनी हात जोडून अभिनंदन केलं. जूनमध्ये वर्ग मिळणार होता. मी आनंदात होते, खोटं कशाला बोलू? पण सरांकडे जायचं म्हटलं की काही ना काही काम निघायचं. पापड करायचे, लोणचं घालायचं, माहेरी जायचं. असे तीन आठवडे गेले. शेवटी नवरा म्हणाला, “ज्याने पास केलं त्याच्याकडे पेढे नाही गेले, लोक काय म्हणतील?” तेव्हा गेले.

सर घरात एकटेच होते. पेढ्यांचा पुडा त्यांनी घेतला, टेबलावर ठेवला. “बस. काय काय आलं होतं पेपरात?”

मी सांगितलं. होडी आली होती, पानगळ आली होती. सर मान हलवत राहिले. मग मी जायला उठले.

“चूल?” त्यांनी विचारलं.

“आली होती.”

“काय लिहिलंस?”

मला खोटं बोलता आलं असतं. तोंडात तयारही होतं. पण मला एकदम रडूच फुटलं, आणि रडता रडता मी सगळं बोलून टाकलं. “सर, तुम्ही खोडायला लावलंत तेच लिहिलं. पाच मार्कांसाठी लिहून आले की त्या बाईला माया नव्हती. मला माफ करा. काकूंच्या हातचं इतकं खाल्लं मी, आणि तेच लिहून आले.”

सरांनी पेढ्यांचा पुडा जवळ ओढला. त्याची दोरी सोडायला लागले, गाठ काही सुटेना.

“तू एकदाच लिहिलंस, पोरी,” ते म्हणाले. “मी तेहतीस वर्षं पोरांकडून लिहून घेतलं. तिच्या घरात बसून, तिचा चहा पीत.”